पहिली नोकरी, पहिली साधने

लोणी काळभोर - पुणे-सोलापूर महामार्गावरील हे गाव शहरवासीयांना वर्षानुवर्षे माहीत होते, ते इंधन कंपन्यांच्या डेपोंमुळे आणि राज कपूर यांच्या राजबागेमुळे. त्याच राजबागेत आज एमआयटी आर्ट, डिझाइन अँड टेक्नॉलॉजी विद्यापीठ उभे आहे. २०१५ च्या राज्य कायद्यान्वये स्थापन झालेल्या या विद्यापीठामुळे संगणक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची वर्दळ गावाला नित्याची झाली आहे. अशा प्रत्येक विद्यार्थ्यापुढे अखेरच्या वर्षी दोन प्रश्न उभे राहतात : पहिली नोकरी कोणती स्वीकारावी आणि कोणती साधने आत्मसात करावीत? हे प्रश्न वेगळे भासले, तरी त्यांचे उत्तर एकत्रच शोधावे लागते. पहिल्या दोन वर्षांत हाती येणारे कामच पुढील वाटचाल बहुतांशी ठरविते.

पॅकेजचे गणित

मोठ्या सेवा कंपन्यांमध्ये नवोदितांचे वेतन गेल्या दहा-बारा वर्षांत वार्षिक सव्वातीन ते पावणेचार लाख रुपयांच्या आसपासच रेंगाळले आहे. याच काळात, २०१२ मध्ये १०० धरलेला किरकोळ महागाईचा निर्देशांक २०२४ मध्ये १९० च्या पुढे गेला. तरीही या नोकऱ्यांना पसंती मिळते, याचे कारण शैक्षणिक कर्जाचे हप्ते आणि कंपनीचे नाव. घरच्यांना त्यात स्थैर्य दिसते आणि ही अपेक्षा अनाठायी म्हणता येणार नाही.

मात्र, या स्थैर्याला अलीकडे तडे गेले आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसने म्हैसूर येथील तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना अंतर्गत चाचण्यांत अनुत्तीर्ण ठरवून घरी पाठविले. तीन संधी देऊनही ते उत्तीर्ण झाले नाहीत, अशी कंपनीची भूमिका होती. पुण्यातील 'नाइट्स' या कर्मचारी संघटनेने केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे दाद मागितली. त्याच वर्षी जुलैमध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्यात प्रामुख्याने मधल्या व वरच्या फळीतील कर्मचारी होते. केवळ नोकरीतील ज्येष्ठता आता संरक्षण देत नाही, हाच याचा अर्थ.

जुनी सवय, नवी साधने

साधनांच्या निवडीत पहिला अडसर महाविद्यालयातच निर्माण होतो. बोरलँड कंपनीचा टर्बो सी १९८७ मध्ये बाजारात आला. डॉसच्या जमान्यातील हा कंपायलर आणि त्याची सी प्लस प्लस आवृत्ती भारतातील अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत पुढे दशकानुदशके टिकून राहिली. सी प्लस प्लस भाषेचे पहिले आंतरराष्ट्रीय मानक १९९८ चे. साहजिकच त्याआधीच्या कंपायलरवर गिरविलेले अनेक धडे नोकरीत पुसावे लागतात. याउलट, २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी तयार केलेली 'गिट' ही प्रणाली उद्योगात सर्वत्र रूढ आहे. एकाच प्रोग्रॅमवर अनेकांनी काम करताना कोणी, केव्हा, काय बदलले याची ती नोंद ठेवते. परीक्षेपुरता एकट्याने प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला तिची गरज भासत नाही. चमूत काम करताना तिच्यावाचून पान हलत नाही.

आता तिसरे वळण आले आहे. गिटहब कोपायलट जून २०२२ मध्ये सर्वांसाठी खुले झाले, तर चॅटजीपीटी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आले. साध्या सूचनेवरून प्रोग्रॅम लिहून देणारी ही साधने आज सर्रास वापरली जातात. छोट्या दुरुस्त्या, चाचण्या, ठराविक साच्याचे प्रोग्रॅम ही नवोदितांच्या वाट्याला येणारी कामे नेमकी हीच साधने करू लागली आहेत. ज्या कामांतून कारागीर घडत असे, तीच कमी झाली, तर नवा कारागीर घडणार कसा, हा उद्योगापुढील गंभीर प्रश्न आहे. यंत्राने लिहिलेले बरोबर की चूक, हे ओळखण्यासाठी डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस यांचा पाया पक्का हवा. तो पाया कोणतेही साधन आयता देत नाही.

विचारावयाचे प्रश्न

म्हणूनच पॅकेजच्या आकड्याबरोबर आणखी काही प्रश्न विचारणे इष्ट ठरेल. काम कोणत्या तंत्रज्ञानावर असेल? लिहिलेला प्रोग्रॅम अनुभवी सहकारी तपासून देतो काय? बाँडची मुदत किती आणि चाचणीत अपयश आल्यास काय? लहान कंपनीत काम लवकर हाती येते, पण ती बुडण्याची जोखीम असते. सी-डॅकसारख्या संस्थेचा पदविका अभ्यासक्रम पाया भक्कम करतो, पण आणखी काही महिने आणि शुल्क मागतो. जोखमीविना एकही वाट नाही.

यात सारा भार बावीस वर्षांच्या उमेदवारावर टाकणेही न्याय्य नव्हे. महाविद्यालयांनी प्रयोगशाळांतील कालबाह्य साधने निवृत्त करावीत आणि प्लेसमेंटच्या जाहिरातीत सर्वोच्च पॅकेजऐवजी मध्यम पॅकेज व कामाचे स्वरूप प्रसिद्ध करावे. एवढी माहिती हाती असली, तरी पहिली निवड पुष्कळशी डोळसपणे होऊ शकेल.