अल्सर झालाय? 'भारीतली गोळी' मागण्याआधी कारण विचारा

"डॉक्टरसाहेब, ही गॅसची गोळी आता लागूच पडंना बघा. जरा भारीतली द्या."

धाराशिव जिल्ह्यात प्रॅक्टिस करताना हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की मोजणं सोडून दिलंय. मागच्या महिन्यात हेच म्हणत भूम तालुक्यातले साठीच्या आसपासचे एक शेतकरी आले. त्यांनी पिशवीतली औषधं टेबलावर ओतली. पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल, नावापुढे 'डीएसआर' लिहिलेल्या दोन कॅप्सूल आणि एक गुलाबी पातळ औषधाची बाटली. तीन वर्षांत चार ठिकाणी दाखवून झालं होतं. प्रत्येक ठिकाणी आधीची गोळी बंद झाली आणि नवी सुरू झाली.

पिशवीच्या तळाशी आणखी एक पाकीट राहिलं होतं, डायक्लोफेनॅकचं. मी हात लावला तसं ते म्हणाले, "ती गुडघ्याची हाय, पोटाची न्हाई."

त्यांच्या पोटातल्या जखमेचं एक कारण त्याच पाकिटात होतं. तीन वर्षांत कोणी ते विचारलं नव्हतं.

म्हणून आज स्पष्टच लिहितो. अल्सरमध्ये "कोणती गोळी चांगली" हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न "जखम कशामुळे झाली" हा आहे. पहिला प्रश्न न विचारता दुसऱ्याचं उत्तर देणं ही आपल्याकडची सवय झाली आहे, आणि या सवयीची किंमत रुग्ण मोजतो.

औषधांमध्ये फरक काय?

*अँटासिड (पातळ औषध, चघळायच्या गोळ्या):* पोटात तयार झालेलं आम्ल हे निष्प्रभ करतं. दहा-पंधरा मिनिटांत बरं वाटतं, पण तासा-दोन तासांत परिणाम संपतो. अल्सर भरून काढण्यासाठी यावर अवलंबून राहू नये.

*रॅनिटिडीन, फॅमोटिडीन:* आम्ल तयार करण्याचा हिस्टामिनकडून येणारा संदेश ही औषधं अडवतात. या गटातलं पहिलं यशस्वी औषध, सिमेटिडीन, 1970च्या दशकात आलं आणि अल्सरची ऑपरेशनं झपाट्याने कमी झाली. त्यामागचे शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांना 1988 मध्ये नोबेल मिळालं. या औषधांची अडचण अशी की रोज घेतली तर काही आठवड्यांत शरीराला त्यांची सवय होते. 2019 मध्ये रॅनिटिडीनच्या गोळ्यांत एनडीएमए हा कर्करोगाची शक्यता वाढवणारा घटक आढळला. 2020 मध्ये अमेरिकेने ते बाजारातून काढायला लावलं आणि 2022 मध्ये भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतूनही ते वगळलं गेलं. घरी जुनी सवय म्हणून रॅनिटिडीन चालू असेल, तर डॉक्टरांशी बोलून बदलून घ्या.

*'प्राझोल' मंडळी (ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल):* ही थेट आम्लाचा पंपच बंद करतात. अल्सर भरण्यासाठी आज हीच मुख्य औषधं आहेत. लहान आतड्याच्या सुरुवातीचा अल्सर साधारण 4 आठवड्यांत, जठराचा 8 आठवड्यांत भरतो. गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते. जेवणानंतर किंवा "त्रास झाला की" घेतली तर तिचा पुरता उपयोग होत नाही.

*व्होनोप्राझान:* हे नवं औषध पंपच बंद करतं, पण वेगळ्या पद्धतीने. काम लवकर सुरू होतं आणि जेवणाची वेळ पाळावी लागत नाही. काही रुग्णांना त्याचा खरा उपयोग आहे, पण साध्या अल्सरसाठी सगळ्यांनी त्याच्या मागे धावण्याची गरज नाही.

मग भारीतली कोणती?

प्राझोल गटातली औषधं योग्य मात्रेत दिली तर अल्सर भरण्यात त्यांच्यात फारसा फरक पडत नाही. इसोमेप्राझोल हा ओमेप्राझोलचाच एक अर्धा भाग आहे. जनऔषधी केंद्रातली साधी पँटोप्राझोल आणि चकचकीत पाकिटातली महाग पँटोप्राझोल, दोन्हींत औषध एकच. महाग गोळीने जखम लवकर भरत नाही.

फरक पाहायचा तो रुग्णाप्रमाणे. हृदयासाठी क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल टाळून सहसा पँटोप्राझोल देतात. आणि त्या 'डीएसआर'मधलं डोम्पेरिडोन हे मळमळीचं औषध आहे. अल्सर भरण्यात त्याचा काही वाटा नाही. वयस्कर माणसांत, जास्त मात्रेत ते हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. महिनोन् महिने घ्यायची ती गोष्ट नव्हे.

जखम होते कशाने?

बहुतेक अल्सरची कारणं दोनच.

पहिलं, हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी 1982 मध्ये तो पोटातल्या नमुन्यातून वाढवून दाखवला. तिखट आणि टेन्शन यांनाच दोष देणाऱ्या डॉक्टरांना ते पटेना. 1984 मध्ये मार्शल स्वतः ते जंतू प्यायले आणि त्यांच्या जठराला सूज आली. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. तरी आपल्याकडे आजही ठेचा बंद करून भागवलं जातं. ठेच्याने जळजळ वाढेल, पण अल्सर ठेच्यामुळे होत नाही.

दुसरं, दुखण्याच्या गोळ्या: डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन. सोयाबीनची काढणी असो की ऊसतोड, कंबर धरली की मेडिकलमधून दोन गोळ्या आणायच्या, हे आपल्या भागात रोजचं आहे. "इंजेक्शन घेतलं तर पोटाला त्रास नाही" हाही गैरसमज आहे. ही औषधं रक्तातून जाऊन जठराच्या आतल्या थराचं संरक्षण कमी करतात. कमरेत टोचा नाहीतर तोंडाने घ्या, धोका राहतोच.

"पण गोळीने आराम पडतो ना?"

पडतो, आणि फसगत तिथेच होते. आम्ल कमी झालं की जखम भरते. जंतू मात्र तिथेच राहतो. नुसत्या आम्लाच्या गोळीने भरलेला जंतूमुळे झालेला अल्सर निम्म्याहून जास्त रुग्णांत वर्षभरात परत येतो. जंतू मारला तर तो परत येणं फार विरळ होतं. त्यासाठी प्राझोलसोबत प्रतिजैविकांचा साधारण 14 दिवसांचा पूर्ण कोर्स लागतो. चार दिवसांत बरं वाटलं म्हणून तो सोडला तर जंतू औषधाला दाद देईनासा होतो.

"तपासणी महाग पडते" असंही लोक म्हणतात. तीन वर्षं रोजची गोळी आणि चार डॉक्टरांची फी यांचा हिशेब मांडा, मग ठरवा. दरवेळी दुर्बीण घालावीच लागते असं नाही. जंतूसाठी शौचाची आणि श्वासाची तपासणीही असते. फक्त तिच्या आधी प्राझोल दोन आठवडे आणि प्रतिजैविकं चार आठवडे बंद असावी लागतात, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

दोष एकट्या रुग्णाचा नाही

चिठ्ठीवर शेवटी सवयीने 'पॅन' लिहिणारे आम्ही डॉक्टरच आहोत. गर्दीच्या ओपीडीत मीही लिहिलंय. गोळी लिहायला पाच सेकंद लागतात, दुखण्याच्या गोळ्यांची चौकशी करायला पाच मिनिटं. पण ती पाच मिनिटं हा रुग्णाचा हक्क आहे.

प्राझोल वाईट आहे असं मी म्हणत नाही. पूर्वी अल्सर झालेल्या, वय जास्त असलेल्या किंवा रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्या माणसाला दुखण्याची गोळी द्यावीच लागली, तर सोबत प्राझोल हवंच. पण कारण नसताना वर्षानुवर्षं घेतल्यास बी-12 आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, आतड्याचे संसर्ग वाढू शकतात. एकदम बंद केल्यास काही दिवस आम्ल उसळतं, आणि माणसाला वाटतं गोळीवाचून आपलं चालणारच नाही.

पुढच्या वेळी डॉक्टरांना हे विचारा

1. माझा अल्सर कशामुळे झाला?
2. हेलिकोबॅक्टरची तपासणी केली का? उपचारानंतर जंतू गेला की नाही, हे कधी तपासायचं?
3. ही गोळी किती आठवडे घ्यायची?
4. माझ्या गुडघ्याच्या, कमरेच्या, हृदयाच्या गोळ्या चालतील का?

आणि जाताना घरातली सगळी औषधं न्या, 'पोटाची नसलेली'सुद्धा.

डांबरासारखी काळी शौच, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, अचानक असह्य पोटदुखी झाली तर लगेच दवाखाना गाठा. वजन घटत असेल, घास अडकत असेल किंवा साठीनंतर हा त्रास नव्याने सुरू झाला असेल तर गोळ्या बदलत बसू नका, दुर्बिणीची तपासणी करून घ्या. जठराच्या अल्सरसारखा दिसणारा कर्करोगही असू शकतो.

त्या शेतकऱ्यांची डायक्लोफेनॅक थांबवली. तपासणीत जंतूही सापडला. चौदा दिवसांचा कोर्स झाला. त्यासोबत त्यांना मी जी आम्लाची गोळी दिली, ती साधी पँटोप्राझोलच होती. चार ठिकाणी फिरून झाल्यावर त्यांच्या पिशवीत सगळ्यात वर पडलेली.