अभिमान आणि गिऱ्हाइकी

सन 2025 च्या जून महिन्यात इटलीतील मिलान शहरी प्राडा ह्या प्रसिद्ध पेढीने आपल्या नव्या पोशाखांचे प्रदर्शन मांडले. त्यात पुरुषांच्या पायांत ज्या चपला होत्या त्यांचा घाट थेट आमच्या कोल्हापुरी चपलांचा होता. परंतु कोल्हापूरचा उच्चार कोठेही नव्हता. झाले! साऱ्या महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली, वर्तमानपत्रांचे रकाने भरून गेले, आणि अखेरीस ह्या घाटाचे मूळ भारतीय कारागिरीत आहे हे त्या पेढीस मान्य करावे लागले. हा संताप वाजवी होता, ह्याविषयी आमचे दुमत नाही. कोल्हापुरी चपलेस 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालेले असून आमच्याकडील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे ह्यांतील कारागिरांचा त्या नावावर हक्क आहे. बाभळीच्या सालीने व हिरड्याने कातडे कमवावे आणि चामड्याच्याच बारीक वादीने तळ शिवावा, हे काम ज्यांच्या घराण्यांनी पिढ्यान्पिढ्या केले, त्यांचे नाव गाळून त्यांची विद्या मिरविणे हा अन्यायच होय.

परंतु त्या संतापलेल्या सभ्य गृहस्थांस आमचा एक प्रश्न आहे. आपल्या दाराबाहेर जोड्यांची जी रांग लागते, तीत कोल्हापूरच्या कारागिराच्या हातचे जोड किती? फार तर एखादा; तोही लग्नकार्यापुरता, आणि तोही दुकानात अर्धा तास घासाघीस करून घेतलेला. परक्याने हात लावताच आम्हांस आपल्या वस्तूची आठवण होते. स्वतः खिशात हात घालण्याची वेळ आली म्हणजे ती आठवण कोठे जाते कोण जाणे! आमचे म्हणणे एवढेच, की गावच्या धंद्यास आमच्या अभिमानाचा आजवर फारसा उपयोग झालेला नाही. त्यास हवे आहे ते गिऱ्हाईक. नित्याचे, रोख पैसे देणारे आणि चोख माल मागणारे गिऱ्हाईक. हे आमचे नवे मत नव्हे. आमच्याच इतिहासाने ते एकदा सोडून अनेकदा सांगितले आहे.

सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, ह्यांनी 1872 साली स्वदेशी वस्तू वापरण्याची शपथ घेतली आणि 1877 च्या दिल्ली दरबारास ते हातच्या सुताच्या जाड्याभरड्या वस्त्रांत गेले, ही गोष्ट शाळेतील मुलांसही ठाऊक असते. परंतु शपथ घेऊन ते स्वस्थ बसले नाहीत, हे आम्ही विसरतो. शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या असल्या रोजच्या वस्तू येथे तयार व्हाव्यात म्हणून त्यांनी खटपट केली, त्या विकण्यासाठी पुणे, सातारा, नागपूर अशा ठिकाणी दुकाने काढविली, आणि ह्या पायी पदरची झीज सोसली. काकांचा पोशाख आमच्या स्मरणात राहिला आणि त्यांची दुकाने मात्र राहिली नाहीत. आम्हांस वंदन करणे सोपे वाटते, खरेदी करणे जड जाते, ह्याची साक्ष ह्याहून निराळी कशास हवी?

7 ऑक्टोबर 1905 रोजी पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली. सावरकरांनी ती पेटविली, लोकमान्य टिळक तेथे बोलले. त्या ज्वाळांनी लोकांची मने जागी केली, हे त्या होळीचे मोठे कार्य होय. परंतु होळी एका रात्रीची असते आणि धोतर वर्षभर नेसावयाचे असते. त्याच चळवळीच्या ऐन भरात मुंबईच्या गिरण्यांनी कापडाचे भाव चढविल्याची तक्रार बंगालमधून होऊ लागली. गिऱ्हाइकाने देशासाठी त्याग करावा आणि विकणाऱ्याने त्या त्यागावर नफा काढावा, असा व्यवहार फार दिवस टिकत नसतो, हा त्या काळाने घालून दिलेला धडा गिऱ्हाइकाइतकाच व्यापाऱ्यानेही पाठ करण्यासारखा आहे.

तो धडा ज्यांस न सांगता कळला होता, अशांपैकी लक्ष्मणराव किर्लोस्कर हे एक. बेळगावास सायकलींच्या दुकानापासून त्यांनी आरंभ केला आणि पुढे लोखंडी नांगर तयार केला. पहिले चाळीस नांगर दोन वर्षे पडून राहिले, असे सांगतात; लोखंडाने जमीन विषारी होईल अशी शेतकऱ्यांची समजूत होती. लक्ष्मणरावांना शेतकऱ्यांच्या देशाभिमानाविषयी शंका घेता आली असती, सभा भरविता आल्या असत्या. त्यांनी नांगर सुधारण्याचे काम चालू ठेवले. 1910 साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसली, आणि त्यांचा नांगर शेतकऱ्याने घेतला तो नांगर चांगला चालतो म्हणून. देशी म्हणून पाठीवर हात फिरवून घेण्याची त्यास गरज उरली नाही.

येथे कोणी म्हणेल, "हे सारे ठीक, परंतु आमची मिळकत मोजकी. फोनवर बोट ठेवताच तीच वस्तू चार पैसे स्वस्त घरपोच येते. शिवाय आमच्या गावचा दुकानदार वजनात मारतो आणि वस्तू परत नेली तर वसकन अंगावर येतो." ह्या आक्षेपात तथ्य आहे. जो दुकानदार गावकीच्या नात्यावर खोटे माप खपवितो, त्याच्याकडे जाऊ नये, हेच आम्ही सांगू. परंतु ज्या घरांत मोजक्या मिळकतीची सबब नाही, तेथील व्यवहार तरी पाहा. दूरच्या कंपनीस आम्ही वस्तू डोळ्यांनी पाहण्यापूर्वी पैसे भरतो आणि गल्लीतील शिंप्यास मात्र "पुढल्या महिन्यात या" म्हणून वाटेस लावतो. काचेच्या दालनात चिठ्ठीवर लिहिलेली किंमत निमूटपणे देतो आणि भाजीवालीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालतो. येवल्याच्या हातमागावरील पैठणीची थोरवी मुलींना सांगतो आणि बस्त्यात यंत्रावरची नक्कल उचलतो. ही काटकसर नव्हे. ज्यास आम्ही ओळखतो त्याचीच किंमत कमी लेखण्याची ही खोड आहे.

ह्या खोडीचे मूळ खोल आहे, आणि ते बोलून दाखविल्यावाचून हा लेख अप्रामाणिक होईल. हाताने काम करणाऱ्यास आमच्या पांढरपेशा समाजाने कधी बरोबरीने वागविले नाही. ज्याने शिवलेली चपल पायांत घालून आम्ही मिरविलो, त्यास आम्ही उंबऱ्याबाहेर उभे केले. त्या चपलेचा अभिमान आज आम्ही सांगतो, तेव्हा तिच्या कर्त्याशी केलेला हा व्यवहारही इतिहासच आहे, हे ध्यानी ठेवावे.

कोल्हापुरातच ह्यावरचा उतारा एका राजाने दाखवून ठेवला आहे. गंगाराम कांबळे ह्या अस्पृश्य मानलेल्या माणसास शाहू महाराजांनी चहाचे दुकान काढून दिले. परंतु त्याच्या हातचा चहा घेणार कोण? भांडवल देऊन महाराजांना उपकार केल्याचे समाधान मानता आले असते. त्यांनी तसे केले नाही. ते आपला लवाजमा घेऊन त्या दुकानी जात, चारचौघांत चहा घेत आणि बरोबरच्या उच्चवर्णीयांसही तो घ्यावयास लावीत. मदत करणारे धनी पुष्कळ झाले. गरिबाच्या दुकानी जाऊन गिऱ्हाईक झालेला राजा विरळा. त्या एका पेल्याने दुकान चालले आणि त्या माणसाची पतही वाढली. स्थानिक धंद्याची कदर करणे म्हणजे काय, हे ह्याहून स्पष्टपणे कोणत्याही अर्थशास्त्राच्या ग्रंथात सापडावयाचे नाही.

तेव्हा सुशिक्षित कुटुंबांस आमचे मागणे फार मोठे नाही. नवी शपथ नको आणि होळीही नको. शिंपी, चांभार, सुतार, वाणी ह्यांची जी बाकी थकली असेल ती येत्या पहिल्या तारखेस चुकती करावी. वस्तू वाईट निघाली तर मुकाट्याने दुसरीकडे न जाता ती त्याच्यापुढे ठेवून दोष सांगावा, म्हणजे त्यास सुधारण्याची संधी मिळेल. चपलेचा अंगठा तुटला तर ती फेकण्यापूर्वी कोपऱ्यावरच्या चांभाराकडे न्यावी आणि तो मागेल ती मजुरी द्यावी. आणि घरातील एखादा मुलगा दुकान काढतो म्हणाला, किंवा मुलगी माग शिकते म्हणाली, तर नोकरी न मिळाल्याचे दुःख असावे तसा चेहरा करू नये. ह्यातले एवढे साधले, तर मिलानमध्ये पुन्हा कोणी आमची चपल उचलली तरी तिच्या कारागिरास आमच्या संतापावर विसंबून राहावे लागणार नाही. त्याच्या दुकानी गिऱ्हाईक असेल.