गाजरगवताचा पट्टेरी शत्रू

पावसाळा निम्मा सरला की घोडबंदरला आमच्या शेजारच्या खालांची खाज सुरू होते. आधी मान, मग कोपराच्या घड्या, शेवटी पापण्या सुजतात. जेवणातली वांगी, कोळंबी, सगळे बंद करून झाले. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी विचारले, "घराजवळ गाजरगवत आहे का?" होते. इमारतीमागेच, कमरेएवढे.

गाजराच्या पाल्यासारखी पाने आणि बारीक पांढरी फुले असलेले हे तण मूळचे अमेरिका खंडातले. आपल्याकडे १९५५ साली ते पुण्यात प्रथम नजरेस आले आणि देशभर पसरले. त्यातले पार्थेनिन हे द्रव्य त्वचेला बाधते, परागकणांनी शिंका आणि दमा बळावतो. एक मोठे झाड हजारो बिया टाकते. गुरेही त्याला सहसा तोंड लावत नाहीत.

गवत इथे आले, पण त्याला खाणारे किडे मागेच राहिले होते. म्हणून १९८३ साली मेक्सिकोहून एक भुंगा बंगळुरूला आणला गेला आणि तपासण्या करून १९८४ मध्ये सोडला गेला. पुढे तो कर्नाटकात सूर्यफुलावर दिसला तेव्हा शेतकरी धास्तावले. चौकशीअंती पिकाला मोठा धोका नसल्याचे ठरले. आज तो महाराष्ट्रातही आढळतो.

भुंगा ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा, पांढुरक्या पाठीवर तपकिरी उभे पट्टे. त्याच्या अळ्या कोवळे शेंडे खातात, त्यामुळे फुले कमी धरतात. मात्र तो पावसाळ्यातच जोमात असतो. थंडीत जमिनीत दडून बसतो, तेव्हा उगवलेले गवत सुटते. बाकीचे काम आपल्यालाच करावे लागते.

गेल्या जुलैत आमच्या इमारतीने तणनाशकाची फवारणी ठरवली होती. मुलांनी चाळणी झालेली पाने आणि पट्टेरी भुंगे दाखवले, तेव्हा ती थांबवली. भुंगे होते तेवढा भाग सोडला. उरलेले गवत फुलण्याआधी, पाऊस पडून माती मऊ असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटले. ज्यांना ॲलर्जी आहे त्यांना या कामापासून दूर ठेवले. मोकळ्या जागेत टाकळा वाढू दिला. तो दाट वाढला की गाजरगवताला जागा उरत नाही, आणि कोवळा असताना भाजीही होते.

खालांचे मलम अजून चालूच आहे. पण यंदा ईदला त्यांनी खिडकी उघडी ठेवली होती.

तुमच्या अंगणातही पट्टेरी भुंगा दिसला, तर चप्पल उचलण्याआधी तो कशावर बसलाय ते पाहा.