हिशेब ज्याचा त्यानेच मांडायचा

वर्षावासात विहारात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. वाचन आटोपून चहा आला की माता-भगिनी जवळ येऊन घरचे दुखणे सांगतात. अलीकडे एकच प्रश्न आम्हाला वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो. "भाऊ, घरात शांती नाही. भन्तेजींना बोलावून परित्राण पाठ केला तर फरक पडेल का?"

या प्रश्नाला गोलगोल उत्तर देऊन चालत नाही. चुकीच्या उत्तराने माणूस दगावतो.

परित्राण पाठ जरूर करावा. भन्तेजी येतात, पांढरे सूत सगळ्यांच्या हातातून फिरते, तास-दीड तास टीव्ही बंद राहतो आणि एकमेकांचे तोंड न पाहणारी माणसे एका सतरंजीवर बसतात. पुष्कळ घरांत एवढेही वर्षभर घडत नाही. पण ते सूत म्हणजे गंडा नव्हे आणि भन्तेजी म्हणजे भगत नव्हेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यानंतर आपण देव्हारे रिकामे केले ते तिथे नव्या नावाने जुनाच अंगारा ठेवण्यासाठी नाही.

खुद्द तथागत आजारी पडले तेव्हा त्यांनी जीवक वैद्याचे औषध घेतले, असे विनयपिटकात नमूद आहे. अतिसाराने आपल्याच घाणीत पडलेला एक भिक्खू त्यांना दिसला. त्यांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून नीट निजवले आणि मग इतर भिक्खूंना विचारले की याची सेवा तुम्ही का केली नाही. तिथे मंत्र म्हटला गेला नाही.

आता एक गोष्ट प्रत्येक घराने ध्यानात ठेवावी. रोज दारू पिणारा माणूस कधी शपथ घेतो म्हणून, कधी खिशात पैसा नसतो म्हणून एकदम दारू बंद करतो. पहिल्याच दिवशी हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. कुणाला फिट येते. दोन-तीन दिवसांनी काहीजण असंबद्ध बडबडू लागतात, त्यांना भिंतीवर किडे दिसतात, नसलेल्या माणसांचे आवाज ऐकू येतात. घरचे म्हणतात, "याला बाहेरचे लागले." मग लिंबू येते, नारळ येतो, चळवळीतल्या घरातसुद्धा मागच्या दाराने भगत येतो. वास्तविक ही दारू तुटल्याची लक्षणे असतात आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर त्यात जीव जाऊ शकतो. अशा माणसाला ताबडतोब सरकारी रुग्णालयात न्यावे आणि तो रोज किती पीत होता ते डॉक्टरांना न लाजता सांगावे. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला, हे विसरता येत नाही.

शरीराचे डॉक्टर पाहतील. मनाचे काय? मनासाठीही डॉक्टर असतात आणि त्यांच्याकडे जाण्यात कमीपणा नाही. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते.

दुसरा मार्ग पुष्कळजण धरतात तो विपश्यनेचा. यावर आपल्या चळवळीत दोन मते आहेत. डोळे मिटून बसल्याने अन्याय संपत नाही, असे काही कार्यकर्ते म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. तरी दहा दिवस दारू, तंबाखू आणि बडबड सोडून कुणी स्वतःकडे पाहत असेल तर आम्ही त्याला अडवणार नाही. मात्र डॉक्टरांच्या गोळ्या चालू असतील तर त्या मनाने बंद करू नयेत आणि मनाचा मोठा आजार असेल तर केंद्राला आधीच कळवावे.

इगतपुरीच्या धम्मगिरीचे संस्थापक सत्यनारायण गोयंका यांची हकीकत सांगण्यासारखी आहे. ब्रह्मदेशात व्यापार करणाऱ्या या गृहस्थांना भयंकर अर्धशिशी होती, मॉर्फिनची इंजेक्शने घ्यावी लागत. १९५५ च्या सुमारास ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. डोकेदुखी बरी करायला आला असाल तर तुम्हाला प्रवेश नाही, असे ऊ बा खिन यांनी त्यांना स्पष्ट सांगितले. मन शुद्ध करायला या, मग दुखणे गेले तर जाईल. हे ऊ बा खिन हिशेब खात्यात कारकून म्हणून लागले होते आणि १९४८ साली ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावर त्या देशाचे महालेखापाल झाले. आम्हा कारकून मंडळींना या गोष्टीचा थोडा अभिमान वाटला तर वाचकांनी हसू नये.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थाने उपचार घेऊन दारू सोडली आणि नंतर दहा दिवसांचे शिबिर केले. माणूस शांत होऊन आला. घरच्यांना आनंद झाला. महिन्याभराने बायकोने गहाण टाकलेल्या बांगड्यांचा विषय काढला तेव्हा हे म्हणाले, "मागचे उगाळू नकोस. मी आता वर्तमानात जगतो." त्या ताई शांतपणे म्हणाल्या, "मीपण वर्तमानातच जगते. पतपेढीचा हप्ता दर पाच तारखेला वर्तमानातच येतो."

आम्हाला अंगुलिमाल आठवला. बाबासाहेबांनी ज्याच्या परिवर्तनाची कथा आपल्या ग्रंथात घेतली तोच हा दरोडेखोर. त्रिपिटकात त्याची पुढची हकीकत आहे. तो अर्हत झाला, तरी श्रावस्तीत भिक्षेला गेल्यावर लोकांची ढेकळे, काठ्या आणि दगड त्याला लागले. डोके फुटले, पात्र फुटले, चीवर फाटले. तो रक्तबंबाळ होऊन परतला तेव्हा तथागतांनी गावकऱ्यांना दोष दिला नाही. हे तुझ्याच कर्माचे फळ आहे, सहन कर, असेच त्याला सांगितले. अडलेल्या बाळंतिणीसाठी त्याने सत्यवचन उच्चारले, त्यावरून अंगुलिमाल परित्त म्हणतात. 'मी जाणूनबुजून कधी हत्या केली नाही' असे म्हण, असे तथागतांनी सांगितल्यावर तो म्हणाला, हे खोटे होईल. मग 'आर्य जन्म झाल्यापासून' हे शब्द घातले गेले. खोट्या हिशेबावर त्याने सही केली नाही.

त्या गृहस्थांना आम्ही एक शंभर पानी वही दिली. डाव्या पानावर कुणाचे काय बुडवले, उजव्या पानावर ते कसे आणि कधी फेडणार. त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले. पतपेढी, किराणा दुकान, मेहुण्याकडून मुलीच्या फीसाठी आणलेले पैसे. ताईंनी वही वाचली आणि विचारले, "माझा हात मोडला होता, ते कुठे लिहिलंय?"

बराच वेळ कुणी बोलले नाही. मग त्यांनी ती ओळ लिहिली.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पहाटे साडेचारला नळ येतो, तेव्हा हल्ली पाणी ते भरतात. किराणा आणि मेहुणा या दोन ओळींवर काट बसली आहे, पतपेढीचे सात हप्ते राहिले आहेत. हाताच्या ओळीसमोरचे उजवे पान कोरे आहे. ते कधी भरायचे ते मी सांगेन, असे ताईंनी सांगून ठेवले आहे.