सिमल्याची कोठी पाहताना

सिमल्याला सहलीला गेलेली आपली मंडळी माल रोडवर फिरतात, मुलांना स्वेटर घेतात आणि टेकडीवरच्या राखाडी दगडी कोठीसमोर फोटो काढून परततात. फोटो जरूर काढावा. पण आमचे सांगणे असे की, ही कोठी मुलांना आतूनही दाखवावी आणि तिचा इतिहास सांगावा.

ही व्हाइसरॉयची उन्हाळ्यातील कोठी. लॉर्ड डफरिनच्या कारकिर्दीत, 1888 साली ती पूर्ण झाली. ब्रह्मदेशचे सागवान, विजेचे दिवे, नाचघर असा तिचा थाट. दर उन्हाळ्यात सारा सरकारी लवाजमा आधी कलकत्त्याहून, पुढे दिल्लीहून इथे येई. साहेब लोकांचे सामान वाहायला भोवतालच्या खेड्यांतील पहाडी माणसे बेगारीला धरली जात. सत्यानंद स्टोक्स यांनी 1921 च्या सुमारास त्याविरुद्ध चळवळ उभारली. वेठबिगार म्हणजे काय, हे आपल्या आजा-पणजांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

याच कोठीत 25 जून 1945 रोजी लॉर्ड वेव्हेल यांनी देशातील पुढाऱ्यांची परिषद भरवली. आझाद, जिना आले होते. त्याच बैठकीत अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून मद्रासचे एन. शिवराज बसले होते. ते शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे अध्यक्ष होते आणि पुढे 1957 साली रिपब्लिकन पक्षाचे पहिले अध्यक्ष झाले. बाबासाहेब त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. नव्या मंत्रिमंडळात कोट्यवधी अस्पृश्यांना एकच जागा, या हिशेबाला त्यांनी परिषदेआधीच व्हाइसरॉयला पत्र लिहून सडेतोड हरकत घेतली होती. 14 जुलैला परिषद फिसकटली. मात्र ज्या कोठीच्या पायऱ्यांपर्यंत गरिबाने ओझे वाहायचे, तिच्या बैठकीत आपला माणूस हक्काने बसला, ही गोष्ट पुसली जात नाही.

1965 पासून इथे उच्च अध्ययन संस्था आहे. तिकीट काढले की मार्गदर्शक काही दालने दाखवतात. ते झुंबरे आणि लाकडी नक्षी दाखवतील. आपल्या मुलांनी त्यांना विचारावे, शिवराज कोणत्या दालनात बसले होते? आणि हेही ध्यानात ठेवावे की, जिथे साहेब-मडमा नाचत, तिथे आज ग्रंथालय आहे. कोठीचा याहून चांगला उपयोग आम्हाला तरी सुचत नाही.