पडलेली काठी कोण उचलणार?

जुनाट कंबरदुखी असलेल्या माणसाला दिवसातली सर्वांत अवघड गोष्ट कोणती असे विचारले, तर तो चालणे सांगेलच असे नाही. हातातून निसटून जमिनीवर पडलेली काठी, हे बरेचदा खरे उत्तर असते. काठी उचलायची तर वाकायचे, वाकायचे तर कशाला तरी धरायचे, आणि पुन्हा सरळ होताना निघालेली कळ तास-दोन तास सोसायची. घरात कोणी असेल तर हाक मारता येते. कोणी नसेल तर काठी तिथेच राहते आणि माणूसही.

तुळजापुरात हा प्रश्न जास्त टोचतो. बालाघाटाच्या डोंगरावरचे हे गाव चढउतारांचे. भवानीमातेच्या दर्शनाला महाद्वारातून पायऱ्या उतरत जावे लागते आणि तेवढ्याच पुन्हा चढाव्या लागतात. शेजारच्या लोहारा-उमरगा पट्ट्यात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपातून जे तिशी-चाळिशीत वाचले, ते आता साठी-सत्तरीत आहेत. तेव्हा मोडलेली हाडे जुळली, म्हणून प्रत्येकाचे दुखणे गेले असे नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांनी हंगामामागून हंगाम डोक्यावर मोळ्या वाहिल्या, त्यांचे गुडघे आणि माना वयाआधी म्हाताऱ्या होतात. मुले मात्र कामासाठी पुण्याकडे गेलेली. दुपारी घरात आजी एकटी आणि दारात कुत्रा, हे चित्र इथे नवे नाही. त्या कुत्र्याला काठी उचलून द्यायला शिकवता येईल का, हा प्रश्न ऐकायला गमतीचा वाटतो. पण जगात पन्नास वर्षे हे काम चालू आहे आणि त्यामागे नीट विचार केलेले शास्त्र आहे.

आधी दुखण्याविषयी. तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या दुखण्याला वैद्यक दीर्घकालीन वेदना म्हणते. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत तिला स्वतःची नोंद मिळाली आहे. म्हणजे ती दुसऱ्या कुठल्या आजाराची शेपटी राहिलेली नाही, तो स्वतंत्र आजारही असू शकतो. जखम भरते, क्ष-किरण चित्रात काही दिसत नाही, तरी दुखते. मग घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. १९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी दाखवून दिले की सतत येणाऱ्या वेदनेच्या संदेशांनी मज्जारज्जूच हळवा होतो. मग साधा स्पर्शही कळ होऊन मेंदूपर्यंत पोचतो. मनाचा खेळ म्हणून हसण्यावारी नेण्याजोगे त्यात काही नाही.

अशा दुखण्यावर एका इंजेक्शनचा उतारा नसतो. औषधे, व्यायाम आणि झोप यांच्या जोडीला फिजिओथेरपिस्ट एक गोष्ट आवर्जून सांगतात, ती म्हणजे हालचालींचा हिशेब. बरे वाटले त्या दिवशी धुणे, झाडलोट, बाजार सगळे उरकायचे आणि पुढचे तीन दिवस अंथरूण धरायचे, हा अनेकांचा क्रम असतो. तो मोडायचा तर रोज थोडी, ठरलेली आणि टिकणारी हालचाल हवी. शक्ती मोजकी आहे, ती वाकण्या-उठण्यात घालवायची की चालण्याच्या व्यायामाला राखून ठेवायची? मदतनीस कुत्र्याचे खरे मोल इथे आहे. तो दुखणे बरे करत नाही, दिवसातली वीस-पंचवीस वाकणी वाचवतो.

युद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबुर्ग येथे १९१६ मध्ये वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली. हातापायांच्या अपंगत्वासाठी कुत्रे तयार करण्याची कल्पना मात्र बॉनी बर्गिन यांनी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात प्रत्यक्षात आणली. अमेरिकेच्या अपंगत्व कायद्यानुसार एका विशिष्ट व्यक्तीच्या अपंगत्वाशी जोडलेले ठरावीक काम शिकवलेला कुत्रा तोच मदतनीस. नुसत्या जवळ असण्याने धीर वाटतो, एवढे पुरत नाही. ही रेघ आपल्याकडेही स्पष्ट हवी. मिनल कविश्वर यांच्या ॲनिमल एंजल्स फाउंडेशनसारख्या संस्थांनी आपल्या राज्यात श्वानोपचाराचे मोलाचे काम केले आहे. पण तिथला कुत्रा थेरपिस्टबरोबर येतो, अनेकांना भेटतो आणि परत जातो. मदतनीस कुत्रा एकाच माणसाकडे राहतो आणि कामाला लागतो.

आता शिकवण्याविषयी. पिल्लाच्या आयुष्यातले तिसऱ्या ते साधारण बाराव्या आठवड्यापर्यंतचे दिवस सर्वांत महत्त्वाचे. या काळात त्याने जे पाहिले, ऐकले, हुंगले त्याची भीती पुढे वाटत नाही. मिक्सरचा आवाज, काठीची टकटक, लंगडत चालणारा माणूस, आराधी मंडळींचे संबळ, जत्रेची गर्दी यांची हळूहळू, खाऊ देत ओळख करून द्यायची. भित्रे किंवा चिडके पिल्लू या कामाचे नाही. जात कुठली हा प्रश्न त्यानंतरचा. लॅब्राडोरला तोंडात वस्तू धरून आणायची उपजत हौस असते, पण मराठवाड्याचा उन्हाळा आणि कमरेच्या सांध्याचे दोष त्याला छळतात. आपल्याकडचा कारवानी उन्हाला काटक खरा, पण तो नजरेने सावज हेरून धावणारा शिकारी. तोंडातली वस्तू आणून देण्यात त्याला रस कमी. गावठी पिल्लू लवकर घरात आले आणि स्वभावाने निवांत निघाले, तर त्याला नाकारण्याचे कारण नाही.

समजा, कपाटाच्या खणातून औषधाची पिशवी आणायला शिकवायचे आहे. नवखा माणूस खणापासून सुरुवात करतो. जाणता प्रशिक्षक शेवटापासून करतो. आधी कुत्र्याच्या तोंडातली पिशवी मांडीवर घ्यायची आणि खाऊ द्यायचा. ते पक्के झाले की पिशवी पायाशी ठेवायची, मग चार पावलांवर, मग उघड्या खणात. दुसरीकडे दोरी ओढण्याचा खेळ चालूच असतो. एके दिवशी तीच दोरी खणाच्या मुठीला बांधायची. शेवटी सगळे तुकडे जोडायचे. असे उलटे शिकवल्याने कुत्रा प्रत्येक वेळी अनोळखी पायरीवरून ओळखीच्या, खात्रीने खाऊ मिळणाऱ्या पायरीकडे जातो आणि मध्येच गोंधळत नाही. रोज पाच-पाच मिनिटांचे तीन-चार धडे पुरतात. दुखणाऱ्या माणसालाही तेवढेच झेपतात.

शब्दांची निवडही जपून करावी लागते. ‘घे’ आणि ‘दे’ हे आपल्याला उलट अर्थाचे वाटतात, पण कुत्र्याच्या कानाला दोन्हींचा शेवट सारखाच. ‘उचल’ आणि ‘दे’ अशी जोडी बरी. घरात आजी एक शब्द, नातू दुसरा आणि सून तिसरा वापरणार असेल, तर महिन्याभराची मेहनत दोन दिवसांत पाण्यात जाते. मारणे, गळ्याची साखळी हिसडणे तर नकोच. भ्यालेला कुत्रा हुकूम पाळतो, पण पडलेल्या आजीजवळ आपणहून येत नाही.

याच रीतीने मोजे ओढून काढणे, दिव्याचे बटण नाकाने दाबणे, दार लोटणे, शेजारच्या घरी जाऊन भुंकून बोलावणे ही कामे शिकवता येतात. पाय दुखत असताना मांडीवर डोके किंवा छाती टेकवून पडून राहायलाही कुत्र्याला शिकवतात. यात नवल वाटायला नको. आपल्या घरांत नातवंडांकडून पाय चेपून घेणे पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये त्याची मीमांसा मांडली: स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांची वाट अडवतात. सिद्धांताचे तपशील पुढे बदलले, गाभा टिकला. पण ज्यांना स्पर्शच सोसत नाही, त्यांच्यासाठी हा उपाय नाही.

एक काम मात्र शिकवू नये, म्हणजे काठीचे. कुत्र्याच्या पाठीवर भार टाकून उठणे अनेक चित्रफितींत छान दिसते. पण कुत्र्याचा कणा असा वरून येणारा भार पेलण्यासाठी नसतो. हाडांची वाढ दीड-दोन वर्षांनी पूर्ण होते. त्याआधी असा भार टाकला तर कुत्रा स्वतःच जुनाट दुखण्याचा रोगी होईल. पायऱ्यांवर तर ओढणारा कुत्रा माणसालाच पाडेल. तिथे कठडा धरावा. तसेच, दुखणे उसळण्याआधी कुत्र्याला वास येतो असे कोणी सांगितले, तर त्यासाठी पैसे मोजू नयेत. मालकाची बदललेली चाल कुत्रा ओळखतो हे खरे, भविष्य सांगतो हे सिद्ध झालेले नाही.

आणि एकूणच पुराव्याचे काय? १९९६ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात एक चाचणी आली. हालचालींचे गंभीर अपंगत्व असलेल्या ४८ जणांना कुत्रे दिल्यावर पगारी मदतनीसांचे तास मोठ्या प्रमाणात घटल्याचे तिच्यात म्हटले होते. निकाल इतका गोड होता की इतर अभ्यासकांनी त्याबद्दल शंका घेतली. कॅनडातल्या सास्कातूनच्या रुग्णालयात तातडीच्या विभागात रुग्णांनी थेरपी कुत्र्यासोबत दहा मिनिटे घालवल्यावर वेदना कमी झाल्याचे सांगितले, असा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. पण दहा मिनिटांचा दिलासा वेगळा आणि दहा वर्षांचा सांभाळ वेगळा. दीर्घकालीन वेदनांसाठीच्या मदतनीस कुत्र्यांवर मोठ्या, काटेकोर चाचण्या फारशा नाहीत. उचललेली काठी मात्र मोजता येते, आणि तेवढ्यावर हा उपाय तपासणे प्रामाणिकपणाचे आहे.

आपल्याकडे अडथळा दुहेरी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यांत दीर्घकालीन वेदना स्वतंत्रपणे नाही. मदतनीस कुत्र्याची व्याख्याही त्यात नाही. त्यामुळे एसटीत, बँकेत, दवाखान्यात त्याला आत घ्यायचे की नाही, हे दारावरचा माणूस ठरवणार. ही व्याख्या यायला हवी, आणि ती कामावर आधारलेली हवी. नाहीतर उद्या रंगीत जाकीट विकत घेऊन कोणीही आपल्या पाळीव कुत्र्याला मदतनीस म्हणवील. पण तुळजापुरासाठी कायद्याची वाट पाहत थांबण्याचे कारण नाही. इथल्या रस्त्यावर मोकाट कुत्र्यांच्या टोळीतून शिकवलेला कुत्रा नेणे तसेही धोक्याचे. उन्हाळ्यात तापलेल्या डांबराने त्याचे तळवे भाजतात. या गावात मदतनीस कुत्र्याची खरी जागा घरात आहे, आणि घरात जायला कोणाची परवानगी लागत नाही.

कुत्र्याला या तालुक्यात मान नाही, असेही नाही. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत आलटून पालटून मुक्काम करणारा खंडोबा याच तालुक्यातला. त्याच्या घोड्याबरोबर कुत्रा असतो आणि वाघ्या स्वतःला देवाचा कुत्रा म्हणवून घेतो. त्याच अणदुरात हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून घडवले. घरोघर जाऊन आरोग्याचे काम करणाऱ्या स्थानिक बाईवर लोक विश्वास ठेवतात, हे या तालुक्याने पाहिले आहे. कुत्रा शिकवण्याचे कसबही दूर नाही. पोलिसांच्या श्वानपथकातले निवृत्त हस्तक आहेत, उदगीर आणि परभणीला पशुवैद्यक महाविद्यालये आहेत, धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि तुळजापुरातच टाटा समाजविज्ञान संस्थेचा परिसर आहे. या सगळ्यांनी मिळून पाच-सहा घरांत दोन वर्षांचा छोटा प्रयोग करणे अशक्य नाही. त्यात अपयशही धरून चालावे लागेल. परदेशातल्या नावाजलेल्या शाळांतही निम्म्याच्या आसपास कुत्री गळतात. गळालेला कुत्रा रस्त्यावर सोडायचा नाही, ही अट पहिल्या दिवशीच घालावी. रेबीजची लस दरवर्षी, गोचिडांचा बंदोबस्त आणि कामातून सुटीचा वेळ याही अटी तितक्याच पक्क्या.

प्रयोगाचा पहिला कागद मात्र रुग्णाचा हवा. डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांनी घरी जाऊन सर्वांत जास्त दुखवणाऱ्या दहा हालचाली लिहाव्यात. त्यांतल्या ज्या उंच खुर्चीने, लांब दांड्याच्या चिमट्याने, न्हाणीघरातल्या दांडीने किंवा काठीला मनगटाची दोरी बांधून सुटतात, त्यांवर काट मारावी. ज्या दोन-तीन उरतील, तेवढ्याच कुत्र्याच्या वाट्याला द्याव्यात. काहीच उरले नाही, तर कुत्रा आणू नये. उरले, तर त्याच कागदावर आणखी एक नाव लिहून घ्यावे: दुखणे वाढेल त्या दिवशी कुत्र्याला खायला घालणाऱ्या आणि फिरवून आणणाऱ्या शेजाऱ्याचे.