मामांची वही मोबाईलवर आणताना

दोन वर्षांपूर्वी माझ्या मामांना चेन्नईत हृदयविकाराचा झटका आला. ते वाचले, आता ठणठणीत आहेत. पण ते दवाखान्यात होते ते 11 दिवस दुकानाच्या तिजोरीतलं सोनं कुणाचं किती, हे घरात कुणालाही सांगता येईना. गिऱ्हाईकं दारात येत आणि मामी हात जोडून म्हणत, "ह्यांना घरी येऊ द्या, मग देतो." वही समोर उघडी होती. पण तिच्यातलं अक्षर आणि खुणा वाचायला फक्त मामाच हवे होते.

तेव्हापासून मनात होतं, की या सदरात एकदा हिशोबाच्या सॉफ्टवेअरबद्दल लिहायचं. तुमच्या घरात दुकान असेल, डब्यांचा किंवा मसाल्याचा छोटा धंदा असेल, तर हे तुमच्यासाठीच आहे.

आधी मामांचा धंदा सांगते. चेन्नईच्या सौकारपेट भागात (आपल्या 'सावकार पेठे'चंच ते तिथलं रूप) मिंट स्ट्रीट आहे. तमिळमध्ये त्याला तंगसालै म्हणतात. आपल्या 'टांकसाळी'च्या किती जवळचा शब्द बघा. या भागात सोनं-चांदी आटवणारी दुकानं आहेत आणि त्यांतल्या कित्येक दुकानांत मराठी कानावर पडतं. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव आणि साताऱ्यातल्या माण, खटाव अशा दुष्काळी तालुक्यांतली माणसं पिढ्यान् पिढ्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेली. मामा त्यांतलेच एक.

गलाईचा हिशोब किराणा दुकानासारखा सरळ नसतो. समजा, कुणी 50 ग्रॅमचे जुने दागिने आणले. मुशीत आटवल्यावर लाख, मीना, मळ जाऊन 48.200 ग्रॅमचा ठोकळा उरला. त्याचा टंच काढला, तो 90.50 निघाला. म्हणजे शुद्ध सोनं झालं 43.621 ग्रॅम. हे सोनं गिऱ्हाईकाचं, मामांची फक्त मजुरी. म्हणजे एकाच व्यवहाराची दोन खाती झाली, एक ग्रॅमचं आणि एक रुपयाचं. कधी गिऱ्हाईक सोनं परत नेतं, कधी तिथंच विकून पैसे घेतं, कधी अर्धं ठेवून जातं.

मामा घरी आल्यावर मामेभावानं उत्साहानं एका विक्रेत्याला बोलावलं. त्यानं लॅपटॉपवर मोठ्या शोरूमसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर दाखवलं. तीन शाखा, बारकोड, कारागिरांची खाती, सोन्याच्या भिशीचे हप्ते, सगळं होतं त्यात. मामेभावाचे डोळे चमकले, वर्षाचे पैसे भरले. सहा महिन्यांनी मी गेले तेव्हा त्यावर फक्त बिलं छापली जात होती आणि मामा पुन्हा लाल वहीतच लिहीत होते. "येवढ्या खिडक्या उघडायच्या, तवर गिऱ्हाईक पार स्टेशनात जातंय," म्हणाले.

दोष त्या सॉफ्टवेअरचा नव्हता. ते त्यांच्या मापाचं नव्हतं, इतकंच.

माप कसं ओळखायचं? बहुतेक जण उलाढालीवरून ठरवतात. मला वाटतं, त्याआधी तुमच्या वहीत किती हात लिहितात ते मोजा. एकच माणूस लिहीत असेल, तर बिल, येणं-देणं, साठा आणि जीएसटी एवढं जमणारं साधं सॉफ्टवेअर पुरतं. दुकानात एक, गोदामात दुसरा आणि घरून सून असे तीन-चार जण लिहीत असतील, तर प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड आणि कुणी काय बघायचं याची मर्यादा लागते. आणि खरेदी विभागानं मागायचं, वरच्यानं मंजूर करायचं, कारखान्यानं वापरायचं, पगार तिसऱ्यानं काढायचा अशी रचना असेल, तर मग ईआरपी. सगळ्या विभागांची एकच सामायिक वही, असं त्याला समजा.

गंमत म्हणजे या प्रत्येक मापाची शिंपीमंडळी मामांच्या आसपासच आहेत. रॅमको सिस्टिम्स ही ईआरपीवाली कंपनी चेन्नईचीच. विमानांच्या देखभालीचा आणि हजारो कर्मचाऱ्यांच्या पगाराचा हिशोब ठेवणारी सॉफ्टवेअर ती बनवते. झोहो 1996 मध्ये अ‍ॅडव्हेंटनेट या नावानं सुरू झाली, 2009 मध्ये तिचं नाव बदललं. तिचं मोठं आवार चेन्नईबाहेर जीएसटी रोडवर आहे. हसू नका, तो जीएसटी म्हणजे ग्रँड सदर्न ट्रंक, कराच्या कितीतरी आधीचा! झोहो बुक्स इंटरनेटवर चालतं, मोबाईलवरही उघडतं. टॅली शेजारच्या बेंगळुरूचं. श्यामसुंदर गोएंका यांना स्वतःच्या व्यवसायासाठी हवं तसं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांच्या मुलानं, भरत यांनी ते लिहिलं. कंपनी 1986 ची. टॅली मुख्यतः दुकानातल्या कॉम्प्युटरवर चालतं, आणि ते येणारा हिशोबनीस बहुतेक गावांत सापडतो. ही सोय छोटी समजू नका.

घेण्याआधी विक्रेत्याची यादी ऐकत बसू नका. तुमचा सगळ्यात अवघड व्यवहार त्याच्यापुढे ठेवा आणि 'हा इथंच, आत्ता करून दाखवा' म्हणा. मामांसाठी तो व्यवहार म्हणजे गिऱ्हाईकाचं ठेवलेलं सोनं. ते सॉफ्टवेअरमध्ये 'खरेदी' म्हणून चढलं, की कागदावर मामा लाखोंच्या सोन्याचे मालक होतात! साठा खोटा, नफा खोटा, करही चुकतो. सोनं विकलं तर किमतीवर 3 टक्के जीएसटी असतो. मजुरीचा हिशोब वेगळा, त्याचा दर आपल्या सीएला विचारूनच घालावा. दुसऱ्याचा माल आपल्याकडे आहे, तो ग्रॅममध्ये आणि तीन दशांश स्थळांपर्यंत वेगळा दिसला पाहिजे. शिवणकामाला आलेलं कापड, दळायला आलेलं धान्य, पॉलिशला आलेलं फर्निचर, सगळ्यांना हेच लागू.

दुसरा प्रश्न खोडरबराचा. वहीतली चूक खोडली तरी डाग राहतो, कॉम्प्युटरवर राहत नाही. म्हणून 1 एप्रिल 2023 पासून कंपनी म्हणून नोंदलेल्या व्यवसायांना असंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं, ज्यात प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. मामांची मालकी एकट्याची, त्यांना हा नियम लागू नाही. तरी मी त्यांना ती सोय सुरू ठेवायला लावली. भाऊ-भाऊ, बाप-लेक एकत्र धंदा करतात तिथं 'हा आकडा कुणी बदलला' यावरून घरं फुटलेली मी पाहिली आहेत.

तिसरा प्रश्न, वही भिजली तर? डिसेंबर 2015 च्या पुरात आणि डिसेंबर 2023 च्या मिचाँग वादळात चेन्नईत तळमजल्यांत पाणी शिरलं. गल्ल्याखाली ठेवलेला कॉम्प्युटर हीच एकमेव प्रत असेल, तर काय होईल ते सांगायला नको. रोजची प्रत दुकानाबाहेर गेली पाहिजे, इंटरनेटवर किंवा निदान पेनड्राइव्हवर घरी. आणि महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या मशीनवर उघडून बघायची. न उघडलेली प्रत म्हणजे किल्ली हरवलेली तिजोरी. सॉफ्टवेअर सोडायचं झालं, तर सगळा हिशोब एक्सेलमध्ये काढून मिळतो का, हेही पैसे भरण्याआधीच विचारा.

शेवटी आम्ही साधं सॉफ्टवेअर घेतलं आणि 1 एप्रिलला, नव्या आर्थिक वर्षाला सुरुवात केली. त्याआधीचा पंधरवडा नुसत्या वहीसाठी दिला. मामा एकेक खूण वाचत गेले, मामी लिहीत गेल्या. प्रत्येक गिऱ्हाईकाला बोलावून त्याची शिल्लक दाखवली आणि सही घेतली. चार जणांशी थोडी घासाघीस झाली, पण मामा समोर होते म्हणून मिटली.

पहिले तीन महिने दोन्ही ठेवायचं ठरलं. दिवसभर मामा वहीत लिहिणार आणि रात्री मामी मोबाईलवर चढवणार, मग दोन्हींची बेरीज जुळवायची. पहिल्याच आठवड्यात 0.340 ग्रॅमचा फरक निघाला. मामांनी मोबाईलकडे बोट दाखवून "सांगितलं नव्हतं?" म्हणून ऐकवलं. मामी काही बोलल्या नाहीत. चष्मा लावून त्यांनी मागच्या नोंदी एकेक करून तपासल्या आणि अर्ध्या तासानं वहीतल्या मंगळवारच्या पानावर बोट ठेवलं. घट वजा करायची राहिली होती.

मामांनी खिशातून लाल पेन काढलं आणि पान दुरुस्त केलं.